दुखणे तिचे आणि त्याचे

श्रोतेहो, पऱ्हाटीची वेचणी चालू असते तेव्हाचे चित्र डोळ्यांपुढे आणा. दिवसभर वाकून कापूस वेचलेली बाई सांजेला ओटी रिकामी करते, तेव्हा तिची कंबर धरलेली असते. "लय दुखते का?" असे कुणी विचारले, तर उत्तर ठरलेले : "दुखतेच, सांगून काय होते?" आणि ती चुलीकडे वळते. घरधन्याची कंबर धरली, तर मात्र खाट टाकली जाते, तेलाची वाटी गरम होते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात हे कुणाला नवे नाही. पण दुखणे म्हणजे असते तरी काय, आणि ते दोघांचे सारखेच असते का?

आधी एक अनुभव आठवा. बैल उधळला, तुम्ही मागे धावलात, पायात काटा मोडला. बैल हाती येईस्तोवर काट्याची शुद्ध नसते. दावणीला बांधला की मग ठणका सुरू! काटा तर केव्हाचाच रुतला होता. मग इतका वेळ ठणका कुणी दाबून धरला?

शरीरानेच. खसखशीच्या बोंडाच्या चिकापासून अफू होते आणि ती वेदना मारते, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९७३ साली अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवले की, अफूचा अंश जिथे जाऊन बसतो अशा खास जागा मेंदूत आहेत. जणू कुलपेच. पण निसर्ग परक्या किल्लीसाठी कुलूप कशाला घडवील? १९७५ साली स्कॉटलंडमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांना घरची किल्ली सापडली. डुकराच्या मेंदूतून त्यांनी अफूसारखे काम करणारे द्रव्य वेगळे काढले. या कुळातील एंडॉर्फिन हे नाव आज पुष्कळांच्या कानावर आहे. मोठा मार बसला, जिवाची धावपळ झाली, की शरीर ही घरची अफू सोडते.

आता मुख्य मुद्दा. नॅलोक्सोन नावाचे एक औषध ही कुलपे अडवून धरते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी निरोगी माणसे आणि जुन्या कंबरदुखीचे रोगी मिळून ९८ स्त्रीपुरुषांवर याचा प्रयोग केला. तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. ध्यानाने दोघांचेही दुखणे कमी झाले. परंतु नॅलोक्सोन दिल्यावर पुरुषांचा आराम ओसरला, स्त्रियांचा टिकून राहिला. म्हणजे पुरुषाचा आराम घरच्या अफूच्या वाटेने येत होता, बाईचा दुसऱ्या वाटेने. ही सरासरीची गोष्ट आहे, प्रत्येकाला लागू होईलच असे नाही. आणि यात कमजोरपणाचा प्रश्नच नाही. गाव एक, रस्ते दोन, इतकेच.

मग हे इतक्या उशिरा का कळले? कारण वेदनेवरचे प्रयोग वर्षानुवर्षे बहुतेक नर उंदरांवरच झाले. मादीचे वेगळे असेल, हे फारसे कुणी तपासलेच नाही. आपण घरात जे करतो, तेच प्रयोगशाळेनेही केले म्हणायचे!

आपल्याच विदर्भातला दाखला घ्या. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ती प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगापैकी काही ना काही होते, पण पूर्वी तपासणी आणि उपचार झाले होते ते अवघ्या ८ टक्के स्त्रियांवर! बाकीच्या सोसत होत्या. न बोललेले दुखणे म्हणजे नसलेले दुखणे नव्हे.

म्हणून शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गातली मुलगी पोट धरून बसली तर तिला 'नाटकी' म्हणू नका. दर महिन्याला शाळा बुडण्याइतके पोट दुखत असेल, तर तिच्या आईला सांगा, दवाखाना दाखवा. घरच्या माणसांनो, थोराड बाईला एकाएकी दम लागला, मळमळले, जबडा किंवा पाठ भरून आली, तर 'पित्त असेल' म्हणून थांबू नका. हृदयविकार बाईच्या बाबतीत अशा आडवाटेनेही येतो. आणि मायबहिणींनो, दुकानातून गोळी आणून रोज गिळू नका. काही वेदनाशामक गोळ्या पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडवतात.

शरीराने दोघांनाही आपापली वाट दिली आहे. पण घरच्या अफूलाही मर्यादा असते. ती संपते तिथे माणसाने माणसाला विचारायचे असते. आज सांजेला वावरातून परतलेल्या बाईला विचारा, "कुठे दुखते?" आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबा.