दुसऱ्याच्या शेतातली वाट

कुणी चुलीपुढं बसून ऐकत असाल, कुणी शेंगा फोडत. हात चालू द्या, कान इकडं द्या. आज बचतीचा, कर्जाचा, हप्त्याचा विषय नाही. आज मी तुम्हाला सहलीचं सांगणार आहे.

माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये डर्बी शहरात राहते. तिला दुसरं बाळ झालं, तेव्हा मदतीला म्हणून मी दोन महिने गेले होते. परत आल्यावर गटाच्या बैठकीत सगळ्यांनी एकच विचारलं, "ताई, राजवाडा बघितला का?" बघितला, बाहेरून. पण माझ्या मनात राहिली ती एक पायवाट. दुसऱ्याच्या शेतातून जाणारी.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? तर आपल्या माणदेशात दुसऱ्याच्या बांधावरून गेलं की काय होतं, ते आठवा. वाटेवरून भावाभावांची डोकी फुटतात, कोर्टात पिढी जाते. म्हणून मला त्या वाटेचं नवल.

पण आधी बहिणीचं सांगते. मी पोहोचले तेव्हा बाळ दोन महिन्यांचं झालं होतं. आईनं फोनवरून सव्वा महिना पाळायला लावला होता, आणि तो सरला तरी ही घराबाहेर पडली नव्हती. तिकडं थंडी, पाऊस, चार वाजता अंधार, असा हिवाळा गेलेला. जावई सकाळी कामावर जायचे, आठ वर्षांची भाची शाळेत. घरात ही आणि बाळ. बाळ रडलं तरी ती खिडकीकडं बघत राहायची. माझ्याशीही दोन शब्दांच्या वर बोलेना. ही माझी बहीण, जिला लहानपणी गप्प बसवायला आई ओरडायची!

तिथं बाळंतिणीच्या घरी सरकारी परिचारिका येते, तिला हेल्थ व्हिजिटर म्हणतात. ती बाळाचं वजन करते, आणि आईच्या मनाचंही विचारते. झोप लागते का, रडू येतं का, कशात मन लागतं का. बहीण तिच्यापुढं रडली. त्या बाईंनी डॉक्टरांकडं जायला सांगितलं, आणि म्हणाल्या, रोज थोडा वेळ उघड्यावर चालत जा, मुलांनाही ने.

आईचा फोन आला. "एवढ्याशा जिवाला वाऱ्यात नेऊ नका." मी मधल्यामध्ये. एकीकडं आई, एकीकडं बहिणीचा चेहरा. शेवटी बाळाला तीन थरांत गुंडाळलं, वर टोपी, आणि निघालो. आईला संध्याकाळी सांगितलं.

एप्रिलचा महिना, भाचीला ईस्टरची सुट्टी होती. वाचनालयातून नकाशा आणला. त्या नकाशात प्रत्येक शेताचं कुंपण काढलेलं असतं, आणि शेतांमधून जाणाऱ्या पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. बसनं शहराबाहेरच्या एका गावात उतरलो. बाबागाडी घरीच ठेवली, कारण तिकडं दोन शेतांच्या मधे कुंपणाला लाकडी पायऱ्या असतात. माणूस चढून पलीकडं उतरतो, मेंढी जाऊ शकत नाही. त्याला स्टाइल म्हणतात. त्यावरून बाबागाडी कशी न्यायची? बाळाला बहिणीनं झोळीत छातीशी बांधलं. शेजारी खांबावर पिवळा बाण होता. पिवळा बाण म्हणजे पायी चालणाऱ्यांची वाट.

बहीण पायरीपाशी थांबली. म्हणाली, "ताई, नको. कुणाचं तरी रान आहे. ओरडतील. इथं आपल्यासारखं कुणी दिसतही नाही." सात वर्षं त्या देशात राहून ती एकदाही अशा वाटेनं गेली नव्हती. भाचीच आधी चढली. "आई, बाण आहे ना!" मग आम्ही चढलो.

पलीकडं हिरवंगार रान, कडेला दगडी गडगे. आपल्यासारखेच, चुना-माती न लावता दगडावर दगड रचलेले. आणि रानभर मेंढ्या-कोकरं. कोकरांच्या अंगावर रंगानं आकडे लिहिलेले. भाचीनं विचारलं, "मावशी, नंबर कशाला?" मी मेंढ्यांच्या मुलखातली, पण मलाही कळेना. बघता बघता बहीणच म्हणाली, "अगं, आईचा आणि पिल्लाचा नंबर एकच आहे बघ. कुणाचं कोण ते कळावं म्हणून." ते तिचं त्या आठवड्यातलं सगळ्यात मोठं बोलणं होतं. मग दोघी मायलेकी आकडे जुळवत बसल्या.

वाटेत एक फाटक उघडं होतं. शाळेत शिकवलेलं असणार, भाचीनं ते नीट ओढून कडी घातली. थोडं पुढं गेलो तोच मागून चार चाकांच्या मोटारसायकलवरून एक शेतकरीण आली. पायात गमबूट, वय साठीच्या घरातलं. बहिणीनं माझा हात घट्ट धरला. बाई उतरल्या, हसल्या आणि भाचीला म्हणाल्या, "फाटक जसं दिसेल तसंच ठेवायचं, बाळा. बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. मी ते मुद्दाम उघडं ठेवलंय, पाण्याचं टाकं त्या बाजूला आहे." भाची धावत जाऊन फाटक उघडून आली.

बाईंनी बाळाचं कौतुक केलं. बहिणीनं माझ्याकडं बोट दाखवून सांगितलं, ही मेंढपाळांच्या मुलखातून आली आहे. मी म्हटलं, आमच्याकडं धनगर कळप घेऊन शेकडो मैल चालतात. त्यांनी चार गोष्टी विचारल्या, बहिणीनं दोन्हीकडचं सांगितलं. दहा मिनिटं ती सलग बोलत होती! बाईंनी एक गोष्ट सांगितली ती तुम्हीही लक्षात ठेवा. गरोदर बाईनं विणाऱ्या मेंढीजवळ जाऊ नये, वार आणि नवं कोकरू हाताळू नये, त्यातून पोटातल्या बाळाला धोका होणारे आजार लागू शकतात. आणि जनावराला हात लावल्यावर मुलांनी साबणानं हात धुतल्याशिवाय खायचं नाही.

त्यांच्या घरापुढं एक लहान पेटी होती. आत अंडी, शेजारी पैशांचा डबा. माणूस कुणी नाही. अंडी घ्या, पैसे टाका. गटाची माणूस म्हणून माझी नजर आधी तिकडंच गेली. अशा वाटांवर कुणी शेतकरीण चहा विकते, कुणी मुलांना कोकरं दाखवते. येणारी-जाणारी माणसं त्यांचंही चार पैशांचं साधन होतात.

घरी आल्यावर जावयांना विचारलं, हा हक्क आला कुठून? त्यांनी पुस्तक काढून दिलं. मैत्रिणींनो, तोही सुखासुखी मिळालेला नाही. ऑक्टेव्हिया हिल नावाची बाई लंडनच्या गरिबांच्या वस्तीत काम करायची. दाटीत वाढणाऱ्या मुलांना मोकळी हवा आणि हिरवळ मिळाली पाहिजे, असा तिचा हट्ट. तिनं दोन सहकाऱ्यांबरोबर १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट ही संस्था काढली, ती आजही मोठमोठी रानं आणि किनारे सगळ्यांसाठी राखते. पुढं १९३२ मध्ये, डर्बीच्या उत्तरेला किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर शेकडो तरुण कामगार मुद्दाम चढले. आठवडाभर गिरणीत राबायचं आणि रविवारी चालायला डोंगर नाही, कारण तो शिकारीसाठी मालकांनी राखलेला. राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. १९४९ मध्ये कायदा झाला. त्यानं कौन्सिलांना पायवाटांचे पक्के नकाशे करायला लावले. १९५१ मध्ये तोच डोंगराळ भाग, पीक डिस्ट्रिक्ट, देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. आज इंग्लंड आणि वेल्स मिळून हक्काच्या अशा वाटा सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास आहेत.

रान मालकाचंच, पीकही त्याचंच. वाट तेवढी सगळ्यांची. त्यानं नांगरताना वाट मोडली तर ठरलेल्या दिवसांत पुन्हा करून द्यायची. आणि चालणाऱ्यानं वाट सोडायची नाही, कुत्रा मोकाट सोडायचा नाही, कचरा घरी न्यायचा. दोन्हीकडून पाळलं म्हणून चालतं.

पुढच्या रविवारी जावई आम्हाला गाडीनं डव्हडेलला घेऊन गेले. चुनखडीच्या डोंगरांमधली दरी, मधून डव्ह नदी. नदीत पाय टाकून पलीकडं जायला ओळीनं दगड मांडलेले आहेत. मुलांची नुसती झुंबड! तिथं पंजाबी, गुजराती बोलणारी कुटुंबंही भेटली. बहीण हळूच म्हणाली, "आहेत की आपलीही माणसं."

डबा घरचाच. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेला बटाटा, थर्मासमध्ये चहा. खर्च झाला तो पेट्रोलचा आणि गाडी लावायचा. जावयांनी चादर अंथरली, वाढायलाही तेच बसले. मी आपली सवयीनं सारखी उठत होते, ह्याला पाणी, त्याला चटणी. भाची म्हणाली, "मावशी, बस ना. तू पण सहलीला आलीयेस." मी बसले. खरं सांगते, लग्नानंतर उघड्यावर मुलांच्या मांडीला मांडी लावून, कुणाला न वाढता जेवल्याचं मला आठवत नव्हतं.

एका सहलीनं बहीण बरी झाली असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांकडं ती जात होती, वेळ लागला. पण रोज चालू लागली, बोलू लागली. मी निघाले तेव्हा आईला फोनवर तीच सांगत होती, "बाळाला वारा मानवला गं."

आता आपलं. आपल्याकडं वनभोजन होतंच की! आवळीखालचं जेवण आपण विसरत चाललो. सुगी सरली की एक रविवार ठरवूया. ज्याचं रान, त्याला आधी विचारायचं. प्रत्येकीनं आपापला डबा आणायचा, कचरा पिशवीत परत आणायचा. आणि एक नियम माझा. त्या दिवशी कुणी उठून वाढायचं नाही, सगळ्यांनी मुलांबरोबर बसून जेवायचं. मुलांना रान म्हणजे नुसती खुरपणी वाटते. एक दिवस त्यांना ते खेळायलाही मिळू द्या.

आणि तुमच्या घरात, शेजारी, कुणी बाळंतीण गप्प गप्प असेल, तर "बाळ कसं आहे" याच्या आधी "तू कशी आहेस" असं विचारा. दोन आठवड्यांहून जास्त दिवस तिचं मन लागत नसेल, तर आशाताईंना सांगा, डॉक्टरांकडं न्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सहलीचा रविवार पुढच्या बैठकीत ठरवू. डब्यात काय आणायचं ते आत्तापासून ठरवून ठेवा. नमस्कार.