दुभंगलेला पडदा

पडदा मधोमध दुभागला की दोन घटना एकाच वेळी घडताहेत, असे आपण धरून चालतो ना? मिशेल गाँड्री या फ्रेंच दिग्दर्शकाने १९९६ साली चिबो मात्तोच्या ‘शुगर वॉटर’ गाण्याच्या चित्रफितीत हाच समज उलटवला. डावीकडे काळ सुलटा, उजवीकडे उलटा! मध्यावर मोटारीचा अपघात होतो नि दोन्ही बाजूंच्या दिशा बदलतात.

तुम्ही म्हणाल, ही नुसती कसरत. मलाही आधी तसेच वाटले. पण पाहा, उजवीकडे परिणाम आधी दिसतो, कारण मागाहून कळते. दुसऱ्यांदा पाहताना माझी नजर डावीकडे ठरेना. उजवीकडच्या बाईला पुढचे सारे ठाऊक आहे, असेच वाटत राहिले.