मुलांचा गृहपाठ आणि आपण



मागच्या बैठकीत एका बाईंनी उठून विचारले, "गुरुजी, पोरगी इंग्रजीचा गृहपाठ पुढं करते. मला आत्ता कुठं मराठी वाचता यायला लागलंय. मी तिला काय मदत करू?"

प्रश्न रास्त आहे. आम्ही स्वतः पाचवीत गेलो तेव्हा इंग्रजी अक्षरे पाहिली. सन २००० पासून आपल्या राज्यात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आईबापांनी कधी न गिरवलेली अक्षरे सहा वर्षांचे मूल घरी घेऊन येते.

तर आता आमच्याच चुकीची एक गोष्ट ऐका.

निवृत्त झाल्यावर आळीतली चार-पाच मुले संध्याकाळी आमच्या ओट्यावर गृहपाठाला बसत. आम्ही उत्तर सांगायचे, त्यांनी उतरवून घ्यायचे. काम कसे झटपट उरके! एकदा सहावीतल्या एका मुलीला प्रश्न होता : घरात कोणाला जुलाब झाले तर काय कराल? आम्ही सांगितले, "ओआरएसचे पाणी द्यावे." तिने ते सुबक अक्षरात लिहिले. शाळेत बरोबरची खूण मिळाली.

पुढे पंधरा दिवसांत तिच्या धाकट्या भावालाच जुलाब लागले. पोरीने धावत जाऊन पुडी आणली, फाडली आणि सगळी एका पेल्यात ओतली. उत्तर पाठ होते ना! तिची आई आपल्या याच वर्गात येणारी. तिने पेला हातात घेतला आणि विचारले, "एवढी पुडी किती पाण्यात घालायची? वर काही लिहिलंय का बघ." पोरीने फाटकी पुडी उजेडाला धरली. त्यावर एक लिटर लिहिले होते. लहान पुडीही मिळते, ती २०० मिलिलिटरची. म्हणून वाचूनच घ्यावे लागते. पाणी फार दाट झाले तर अंगात मीठ फाजील होते, लेकराचे हाल वाढतात. तो पेला ओतून दिला आणि नवी पुडी लिटरभर स्वच्छ पाण्यात कालवली.

बाईंनी हे आम्हांला हसत हसत सांगितले. आम्हांला मात्र हसू आले नाही. इतकी वर्षे खडू झिजवला, आणि विचारायचा प्रश्न विचारला तिने.

त्या दिवसापासून आम्ही उत्तर सांगणे सोडले. मुले कुरकुरतात, वेळ लागतो. लागू द्या.

इंग्रजीतही असेच करता येते बघा. "ही रीड्स" की "ही रीड", असे मुलाने विचारले, तर त्याला म्हणा, "आधी मराठीत सांग." मराठीत 'तू' आला की शेवटी 'स' येतो : तू वाचतोस, तू खातोस. इंग्रजीत तो 'स' 'तू'ला लागत नाही. 'तो' आणि 'ती' यांना लागतो. यू रीड, पण ही रीड्स. यू ईट, पण शी ईट्स. एवढे ध्यानात ठेवा आणि विचारा, "कोण वाचतंय? मग 'स' हवा का?" पुढचे मूल शोधील. नाही सापडले तर वहीत रेघ मारून जागा मोकळी ठेवू द्या आणि उद्या बाईंना विचारायला सांगा. कोरी रेघ म्हणजे काही गुन्हा नव्हे.

येत्या गुरुवारी प्रत्येकाने मुलाची एक वही आणि घरातले औषधाचे एक पाकीट आणावे. पाकिटावरची मुदतीची तारीख कुठे असते, ते आधी मुलाकडून शोधून घ्या.