शनिवारी चार वाजता

(शिवाजी पार्कजवळच्या एका छोट्या हॉलमध्ये, एका शुक्रवारी संध्याकाळी झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मागे आवाज येतोय ना? येतोय. छान. मी अल्टो गाते, त्यामुळे माझा आवाज कुणाला येत नाही याची मला सवय आहे. क्वायरमध्ये सोप्रानोचं कौतुक होतं, बासवाल्यांचा रुबाब असतो आणि अल्टो म्हणजे घरातली मधली मुलगी.

तर मी मराठी ख्रिस्ती. 'मग तुझं मराठी इतकं चांगलं कसं?' हा प्रश्न मला शाळेपासून विचारला जातोय. अहो, आमच्या घरात दुसरी भाषाच नाही. माझी आजी नगरची. ती पेटीवर भजनं म्हणते, टाळ वाजवते आणि तिच्या देवाचं नाव येशू आहे, एवढाच काय तो फरक.

आमची क्वायर म्हणजे चौदा जण. कॉलेजवाले, नव्याने नोकरीला लागलेले. रविवारी प्रॅक्टिस झाली की आम्ही इथे पार्काच्या कट्ट्यावर येऊन बसतो. आजची गोष्ट त्याच कट्ट्यावर सुरू झाली.

नाताळ जवळ आला होता. दरवर्षी आम्ही घरोघरी कॅरल म्हणत फिरतो. त्या वर्षी कुणीतरी म्हणालं, आपण मिशन ट्रिप काढू. लगेच गावांची नावं सुरू झाली. डहाणू, जव्हार, बस कुठली, राहायचं कुठे. आमचे सर, म्हणजे आम्हाला गाणं शिकवणारे, बराच वेळ शेंगा खात ऐकत होते. मग म्हणाले, "एवढं लांब कशाला? बसने अर्ध्या तासावर मुलं आहेत. त्यांच्याकडे कोण जातं?"

ते निरीक्षण गृहातल्या मुलांबद्दल बोलत होते. आपण ज्यांना पटकन 'बिघडलेली पोरं' म्हणतो, ती.

थोडी माहिती देते, कारण मलाही ती तोवर नव्हती. अठरा वर्षांखालच्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आला तर त्याला आरोपी किंवा गुन्हेगार म्हणत नाहीत. कायद्यातला शब्द आहे 'विधिसंघर्षग्रस्त बालक'. जड आहे, पण विचार करून निवडलेला आहे. कायद्याशी झगडा झालेलं मूल, एवढाच त्याचा अर्थ. 2015च्या बाल न्याय कायद्यानुसार त्याची चौकशी बाल न्याय मंडळासमोर चालते, आणि ती चालू असताना ज्याला घरी सोडलेलं नाही असा मुलगा निरीक्षण गृहात राहतो. म्हणजे तिथल्या मुलावरचा आरोप अजून सिद्धही झालेला नसतो. आणि त्याची ओळख पटेल असं काही छापलं किंवा दाखवलं तर कलम 74खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून आज मी ना कुठल्या मुलाचं नाव सांगणार, ना त्या गृहाचं.

मुंबईला ही गोष्ट नवी नाही. डेव्हिड ससून म्हटलं की आपल्याला काळा घोड्याचं ग्रंथालय आठवतं. पण त्याच नावाची एक औद्योगिक शाळा इथून जवळ, माहीमला आहे. तिची सुरुवात 1857ची. पोरांना तुरुंगात मोठ्या कैद्यांबरोबर डांबण्यापेक्षा त्यांच्या हाताला काम शिकवावं, हा विचार तेव्हापासूनचा. पुढे 1924मध्ये मुंबई प्रांतात मुलांसाठी वेगळा कायदा आला. शंभर वर्षं झाली त्याला. आणि आम्ही चौदा जण इतकी वर्षं कट्ट्यावर बसून शेंगाच खात होतो.

परवानगी मिळायला वेळ लागला. मिळाली तेव्हा तीन अटी होत्या. मोबाइल बाहेर ठेवायचे. धर्माचा प्रचार करायचा नाही, तिथे सगळ्या धर्मांची मुलं आहेत. आणि कुणालाही 'तू काय केलंस?' असं विचारायचं नाही.

दुसऱ्या अटीवर आमच्यात वाद झाला. एक जण म्हणाला, मग ही मिशन ट्रिप कसली? येशूचं नावच घ्यायचं नाही तर जायचं कशाला? मी घरी येऊन आजीला विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांच्यासाठी गायला जाताय की तुम्ही कोण आहात ते दाखवायला? ते ठरवा आधी."

मग गेलो. पांढरे शर्ट, गिटार, कीबोर्ड. समोर साठेक मुलं मांडी घालून बसलेली. आम्ही आमचं सगळ्यात अवघड कॅरल घेतलं, चार आवाजांतलं, दोन महिने घोटलेलं. एकही स्वर चुकला नाही. संपल्यावर पूर्ण शांतता. आम्हाला वाटलं, भारावले.

पुढच्या रांगेतला एक मुलगा अगदी काळजीने म्हणाला, "ताई, कोण वारलं का?"

(हशा)

साठ मुलं हसली. आम्हीही हसलो, पण कान लाल झाले होते. दुसरं गाणं सुरू केलं, तोवर चुळबुळ सुरू झालेली. आणि मग कोपऱ्यातून एक आवाज आला. एका मुलाने जेवणाचं स्टीलचं ताट उपडं मांडीवर घेतलं होतं आणि बोटांनी त्यावर तो ताशा वाजवत होता. लालबाग-परळमध्ये वाढलेल्यांना सांगायला नको, ताशाची तर्री कशी असते. अंगात शिरते. आमच्या कीबोर्डवाल्याने हात थांबवला, ऐकलं, आणि तो त्या ठेक्यात घुसला.

मी त्या मुलाला विचारलं, "कुठे शिकलास?"

"बेंजो पार्टीत आहे मी."

'होतो' नाही म्हणाला. 'आहे' म्हणाला.

त्यानंतर कार्यक्रम आमचा राहिलाच नाही. गणपतीची गाणी झाली, कोळीगीतं झाली, सिनेमातली झाली. मुलं गात होती. सरांनी आम्हाला डोळ्यांनी खुणावलं, आणि आम्ही त्यांच्या गाण्याखाली हळूच आमचे सूर धरले. चार आवाजांचं जे काही शिकलो होतो ते सगळं एका कोळीगीताच्या खाली घातलं. माझा अल्टो त्या दिवशी पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडला असं मला वाटलं.

रात्री आजीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "टिळकांना हे कधीच कळलं होतं."

हे लोकमान्य नव्हेत. हे रेव्हरंड नारायण वामन टिळक, 1861 ते 1919. 'फुलामुलांचे कवी' म्हणून तुम्ही शाळेत वाचलेले, 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंचे पती. 1895मध्ये त्यांनी इथे मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तेव्हा चर्चमध्ये पाश्चात्त्य चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं चालत. टिळकांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, कीर्तनं केली. माझी आजी टाळ घेऊन जे म्हणते ते त्यांचंच. आणि त्यांच्याही आधी, 1616मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज माणसाचं 'ख्रिस्तपुराण' गोव्यात छापलं गेलं, तेही मराठी ओवीत. समोरच्याची चाल आधी शिकायची, हे चारशे वर्षांपूर्वीच कुणाला तरी समजलं होतं. आम्ही मात्र कीबोर्ड घेऊन पोचलो.

पण ही बाजू सांगितली तर दुसरीही सांगायला हवी.

1882च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत एक फौज उतरली. चार माणसांची. मुक्तिफौज, साल्व्हेशन आर्मी. त्यांचा म्होरक्या फ्रेडरिक टकर, सनदी नोकरी सोडून आलेला इंग्रज. भगवे कपडे घातले, अनवाणी फिरला, फकीर सिंग असं नाव घेतलं. रस्त्यावर वाजतगाजत, गात मिरवणुका काढल्या म्हणून मुंबईच्या पोलिसांनी या लोकांना अटक केली. टकर तुरुंगातही गेला. गाण्यासाठी तुरुंगात! मला हे वाचून फार भारी वाटलं होतं.

मग पुढचं वाचलं. इंग्रजांनी 1871मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं. त्यांच्यासाठी नंतर कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. आपल्याकडे सोलापूरला अशी वसाहत होती, तिला लोक सेटलमेंट म्हणतात. आणि देशात इतर ठिकाणी अशा कित्येक वसाहती सरकारने चालवायला दिल्या त्या याच मुक्तिफौजेकडे. आंध्रातलं स्टुअर्टपुरम त्यांपैकीच. हेतू चांगला असेल. शाळा काढल्या, कामं शिकवली, प्रार्थना घेतल्या. पण ज्यांनी कधीकाळी गाण्यासाठी तुरुंग भोगला, त्यांच्याच हातात कुंपणाच्या किल्ल्या आल्या. तो कायदा रद्द झाला 31 ऑगस्ट 1952ला. विमुक्त समाज तो दिवस आजही पाळतो. कायदा गेला, पण पोलिसाच्या नजरेतला शिक्का गेला नाही, हे त्या समाजातली माणसं आजही लिहितात.

मी हे का सांगतेय? कारण 'मी तुला सुधारायला आलोय' असं म्हणणारा माणूस गाणं संपलं की घरी जातो. समोरचा तिथेच राहतो. आणि आम्ही नेमकं तेच केलं.

त्या दिवशी निघताना ताटवाल्याने विचारलं, "परत कधी?"

आमच्यातल्या एकीने सांगितलं, "लवकरच. शनिवारी येऊ."

ती एक मीच.

शनिवारी आम्ही गेलो नाही. नाताळ होता. मग नवीन वर्ष. मग कुणाची परीक्षा, कुणाच्या बहिणीचं लग्न. परवानगीचा अर्ज नव्याने करायचा होता, तो कुणी करायचा यावर ग्रुपवर पन्नास मेसेज झाले आणि अर्ज कुणीच केला नाही. मधल्या काळात त्या कार्यक्रमाबद्दल आम्ही दोन ठिकाणी भाषणंही दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. 'तुमचं काम फार मोठं आहे' म्हणाले. एका दुपारचं काम!

परत गेलो ते एप्रिलमध्ये. चार महिन्यांनी. बरीचशी मुलं नवीन. ताटवाला दिसेना. अधीक्षकांना विचारलं. ते सांगू शकत नव्हते, आणि सांगू नये हेच बरोबर आहे. घरी गेला असेल, दुसऱ्या गृहात गेला असेल. मला माहीत नाही, आणि बहुतेक कधी कळणारही नाही.

जाताना एक लहानसा मुलगा माझ्याजवळ आला. म्हणाला, "तुम्ही त्या चर्चवाल्या ताई ना? तो दर शनिवारी आंघोळ करून, केस विंचरून बसायचा. तुम्ही येणार म्हणून."

मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक काहीच नाही.

त्या मुलाला आयुष्यात किती मोठ्या माणसांनी 'येतो' म्हणून सांगितलं असेल आणि आले नसतील, मला कल्पना नाही. त्या यादीत माझं नाव आहे, एवढं मला माहीत आहे. त्याच्यावर काय आरोप होता हे मी विचारलं नव्हतं. पण माझा गुन्हा काय होता ते मला नीट सांगता येईल.

त्या रविवारी कट्ट्यावर कुणी शेंगा घेतल्या नाहीत. आम्ही एक कागद काढला. दुसरा आणि चौथा शनिवार, चार वाजता. चौदा जणांनी जायचं नाही, एका वेळी चौघं, म्हणजे एखाद्याला अडचण आली तरी खंड पडत नाही. अर्जाचं काम एकाच्याच नावावर. पांढरे शर्ट बंद. कीबोर्डवाल्याने ताशा शिकायला घेतला, वाईट वाजवतो, मुलं त्याला दुरुस्त करतात आणि त्यांना ते फार आवडतं. 'परत कधी' असं कुणी विचारलं तर तारीख सांगायची. तारीख माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायचं.

याला आता दोन वर्षं झाली. तुम्ही विचाराल, किती मुलं सुधारली? मी मोजत नाही. मुलं येतात, जातात. काही जण गातच नाहीत, भिंतीला टेकून बसतात, तेही चालतं. एकाने सहा महिन्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं ते 'तुमचा सूर खाली लागला' हे सांगायला. बरोबर होतं त्याचं.

आणि माझ्या विश्वासाचं काय? तो आहे. मी प्रार्थना करते, घरी. त्या ताटवाल्याचं नाव घेऊन करते. तिथे जाऊन मी फक्त गाते.

तुमच्यापैकी कुणाला असं काही करायचं असेल तर साधी गोष्ट सांगते. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, तिथे रीतसर विचारा. पहिल्याच भेटीत खाऊचे डबे आणि सेल्फी नकोत. वर्षभर जमेल तेवढंच कबूल करा, महिन्यातून एक तास असला तरी चालेल. आणि एखादं मूल संकटात दिसलं, रस्त्यावर, शेजारी, कुठेही, तर 1098 हा नंबर आहे, चोवीस तास चालतो. आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा. मी थांबते.

झालं? बरं.

गणपती जवळ आले की पार्काच्या आजूबाजूला संध्याकाळी कुठून तरी ताशाचा आवाज येतोच. मी कट्ट्यावरून उठते आणि बघून येते. वाजवणाऱ्यांच्या हातांकडे आधी बघते, मग चेहऱ्याकडे. अजून तरी तो दिसलेला नाही.

चला, प्रश्न असतील तर पटापट विचारा, मला लवकर निघायचंय. उद्या चौथा शनिवार आहे, आणि या वेळी चौघांत माझं नाव आहे.