तांबडा दिवा आणि सायकलस्वार

पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून प्रसिद्ध होतें. कचेरींतले कारकून, शिक्षक, विद्यार्थी, सारे सायकलीवरच दिसत. आतां त्या रस्त्यांवर मोटारसायकली व स्कूटर यांचें राज्य आहे; कर्वे रस्त्यावर तर २०२२ पासून डोक्यावरून मेट्रो धांवते. तरीही रोज सायकलीनें कामावर जाणारे लोक आहेत, आणि चौकांतला तांबडा दिवा त्यांनाही थांबवितो. दिव्यासमोर थांबणें फारसें कठीण नाहीं. दुसऱ्याच्या मागें थांबणें मात्र कठीण जातें.

कोथरूडाहून डेक्कनकडे जाणारा एखादा पन्नाशीचा हिशेबनीस डोळ्यांपुढें आणावा. तो रेषेच्या आंत एक पाय टेकून उभा आहे. इतक्यांत एक तरुण मागून येतो, डावीकडून वाट काढतो आणि आपलें चाक पट्ट्यांवर नेऊन बरोबर त्याच्यापुढें उभा राहतो. दुसरा येतो, तो पहिल्याच्याही पुढें. तिसरा तर थांबतच नाहीं; घंटा वाजवीत तांबड्या दिव्यांतून निघून जातो.

एवढ्यानें काय बिघडलें, असें कोणी विचारील. सायकलीचा तोल गतीवर अवलंबून असतो. म्हणून निघतांना पहिलीं कांहीं पावलें ती डुलते. पुढें घुसलेला स्वार संथ असला, तर मागच्याला त्याला ओलांडावें लागतें, आणि ओलांडण्याची बाजू उजवी. तिकडून तर बसगाड्या व मोटारी मुसंडी मारीत असतात. एकाचे दोन क्षण वांचतात आणि दुसऱ्याचा जीव पणाला लागतो.

पायीं चालणाऱ्याची गोष्ट तर याहून गंभीर आहे. रस्ता ओलांडणारी वृद्ध स्त्री इंजिनाच्या आवाजावरून गाडी ओळखते; सायकल आवाज न करितां अंगावर येते. लंडनमध्यें पार्लमेंटजवळ १८६८ सालीं तांबड्या व हिरव्या रंगाचा पहिला दिवा उभारला, तो गॅसवर जळत असे आणि थोड्याच दिवसांत, १८६९ च्या आरंभीं, स्फोट होऊन निकामी झाला. परंतु त्याचा हेतु लक्षांत ठेवण्याजोगा आहे: घोडागाड्यांच्या गर्दींतून पादचाऱ्यांना सुखरूप पलीकडे जातां यावें. जो दिवा पायीं चालणाऱ्यासाठीं जन्मला, तो सायकलस्वारानें आपल्यापुरता विझला असें मानणें न्यायाचें नव्हे. अमेरिकेंतील आयडाहो राज्यानें १९८२ पासून सायकलस्वारांना चौकांत कांहीं सवलत दिली आहे हें खरें. पण इतरांस आधीं वाट देण्याची अट तिला जोडलेली आहे, आणि आपल्याकडे तशी सवलत नाहीं.

मग अशा सोबत्यांशीं वागावें कसें? हिशेबनिसानें आरंभीं रागाचा मार्ग धरला. “अहो, मागून आलांत तर मागें उभे राहा!” त्यावर उत्तर आलें, “काका, रस्ता काय तुमच्या नांवावर आहे?” दिवा हिरवा झाला, मागून भोंगे वाजूं लागले, आणि संतापाच्या भरांत तो त्या तरुणाला ओलांडावयास गेला. एक बस त्याच्या कोपराला चाटून गेली. त्या सकाळीं चूक तरुणाची होती. पण मरणाच्या दारीं गेला तो हिशेबनीस.

पुढें एके दिवशीं तसाच प्रसंग आला. पट्ट्यांपाशीं एक बाई हातांत पिशवी घेऊन खोळंबल्या होत्या. हिशेबनीस स्वतःच्या पाळीविषयीं एक अक्षर बोलला नाहीं. तो एवढेंच म्हणाला, “दादा, जरा मागें घेतां का? त्या बाईंना जावयाचें आहे.” तरुणानें वळून पाहिलें आणि चाक मागें घेतलें. स्वतःच्या हक्कासाठीं बोललें कीं समोरचा आपला हक्क काढतो. तिसऱ्यासाठीं बोललें कीं त्याला बहुधा लाज वाटते.

हा उपाय दर वेळीं चालेल असें नाहीं. जो दिवा मोडून निघूनच गेला, त्याला जाऊं द्यावें. त्याच्या मागें धांवूं नये. जो पुढें घुसला, त्याच्यापासून एका सायकलीचें अंतर ठेवून निघावें आणि रस्ता मोकळा झाल्यावरच ओलांडावें. यांत दोनचार क्षण जातात, पण हिशेबनीस दहाच्या ठोक्याला कचेरींत असतो. आणि आतां थांबतांना तो प्रथम खालीं पाहतो: आपलें स्वतःचें पुढचें चाक रेषेच्या आंत आहे ना?