गाठीगाठीने विणलेलं जाळं

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. रायगडच्या किनाऱ्यावर, थळ, वरसोली, मुरुडच्या कोळीवाड्यांत, हे दिवस जाळी दुरुस्तीचे.

स्वेटर विणताना टाक्यातून टाका ओढतात. एक निसटला की खालचे उसवत जातात. जाळ्याला मात्र प्रत्येक घराशी, म्हणजे छिद्राशी, गाठ. एक घर तुटलं तरी शेजारची टिकतात.

लागतं काय? दोरा गुंडाळलेली चपटी सुई आणि एक पट्टी. पट्टीची रुंदी ठरवते घराचा आकार, म्हणजेच आस. पिशवीसारख्या डोल जाळ्याचा आस तोंडाशी मोठा, शेपटाकडे बारीक.

शिकायचंय? जाड सुती दोऱ्याने पिशवी विणून सुरुवात करा. गाठ सरकली नाही, म्हणजे हात बसला!