पायाखाली दरी, डोळ्यांवर हेडसेट

नाशिकच्या मॉलमधल्या गेम झोनमध्ये डोळ्यांवर जाड व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट चढवून हवेत हात मारणारी मुलं पाहिली, की बघणाऱ्याला हसू येतं. पण हेडसेट घातलेल्याच्या पायाखाली त्या वेळी खरीखुरी दरी असते!

किमया तशी जुनीच. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दाखवली, की मेंदू त्यांतून खोली उभी करतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दाखवून दिलं. आता भर पडली ती मान वळताच दृश्य वळवणाऱ्या सेन्सरची. खेळताना काहींना मळमळतं, ते मात्र वेगळ्याच भांडणामुळे. डोळे म्हणतात, 'आपण धावतोय'. आतला कान म्हणतो, 'छे, जागेवरच आहोत'. कसारा घाटात बसमध्ये मोबाइल पाहणाऱ्याचं होतं तेच, फक्त उलट्या बाजूनं.



पहिल्यांदा खेळणार असाल, तर रोलर कोस्टरच्या नादी लागू नका. बसून खेळायचा संथ गेम घ्या. पट्टा नीट आवळा, नाहीतर चित्र धूसर दिसतं. घरी खेळताना टीपॉय बाजूला सारा. फिट येण्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि गरगरलं, तर हेडसेट लगेच काढा. पूर्ण बरं वाटेपर्यंत गाडीला किक मारू नका.